जागती कूस

शंभर बिया ठेवल्या होत्या आणि नोंदीत त्या एकशे सात झाल्या. चांगली रोपं चौऱ्याण्णव, वेडीवाकडी आठ, न उगवलेल्या पाच. आकडे बेबीनंदाच्याच हातचे होते, खाली सहीही तिचीच. तिच्यावरचे साहेब, श्रेयांस सर, यांनी तो कागद तिच्यापुढे सरकवला आणि सात बिया जास्तीच्या कुठून आणल्या, असं हसत विचारलं. तीही हसली. चौदा वर्षं ती या बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत बसून कापसाचे, तुरीचे, मक्याचे कोंब मोजत आली होती. ओल्या कागदाची गुंडाळी उलगडायची, रांगेत लागलेले पांढरे कोंब बोटाच्या टोकानं बाजूला सारत मोजायचे, लिहायचं, सही करायची. ती त्याच गुंडाळीपुढं बसून सकाळचं आठवू लागली. कागद उलगडल्याचं आठवत होतं, त्याचा ओलसर, बंद खोलीसारखा वास आठवत होता, आणि मग एकदम सही. मधलं काहीच नव्हतं. मधे डोळे उघडे असणार, बोट चाललं असणार, पेनही चाललं असणार, फक्त ती तिथं नव्हती. हे ध्यानात आलं तेव्हा तिनं टेबलाची कड धरली. श्रेयांस सर तिच्या मुलीपेक्षा फार तर सहा-सात वर्षांनी मोठे, पण पोरगा समजूतदार. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळूच सांगितलं, की मागच्या आठवड्यातले तिचे आणखी दोन कागद चुकलेत, माल अजून बाहेर गेलेला नाही, ते दुसऱ्याकडून मोजून घेतील. दोन दिवसांची रजा त्यांनीच लिहून ठेवली होती. घरी जा अन् नुसत्या झोपा, असं ते म्हणाले. झोप जणू घरी फळीवर डब्यात भरून ठेवलेली असते.

रिक्षात ती मागच्या बाकावर बसली तेव्हा चालकानं मान वळवून तिला मधे सरकायला सांगितलं, एका बाजूनं भार होतोय म्हणून. शेजारच्या कॉलेजच्या पोरीनं मांड्या आवळून घेतल्या. बेबीनंदा सरकली. असं सरकायची तिला आता सवय झाली होती. मागच्या महिन्यात कंपनीत तपासणीचं शिबिर झालं तेव्हा काट्यावर त्र्याऐंशी किलो भरले होते, आणि तिथल्या कोवळ्या डॉक्टरणीनं भात बंद, तळलेलं बंद, सकाळी मोतीबागेला चालायला जा, असं भराभर सांगितलं होतं. मग कागदावर खूण करता करता विचारलं होतं, झोप लागते का. लागते, असं बेबीनंदानं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. झोप लागायची. कुठंही लागायची, भाकरी थापताना, देवापुढं उदबत्ती फिरवताना, अंघोळीच्या पाटावर अंगावरून तांब्या ओतता ओतता. तीच तिला लागू देत नव्हती. पण हे त्या डॉक्टरणीला कसं सांगायचं, आणि मागं रांगेत एवढ्या बाया उभ्या असताना.

सांगायचं म्हटलं तर पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. भारत, तिचा नवरा, आधीपासून घोरायचा, त्याचं तिला काही नव्हतं. लग्न होऊन मस्तगड भागात ही माडीवरची दोन खोल्यांची जागा भाड्यानं घेतली तेव्हापासून ती त्या आवाजात झोपत आली होती. पण तो जाड होत गेला तसा आवाज बदलला. आधी तो चढावर लागलेल्या ट्रकसारखा वर वर चढायचा, आणि चढता चढता एकदम बंद. एकदम म्हणजे एकदम. पहिल्यांदा ती जागी झाली ती आवाजानं नव्हे, त्या गप्प होण्यानं. छाती हलत होती, पोट आत ओढलं जात होतं आणि नाकातोंडातून काहीच जात-येत नव्हतं. ती नुसती बघत राहिली. मग तिनं खांदा धरून गदागदा हलवला तेव्हा विहिरीतून वर काढलेल्या माणसासारखा त्यानं हवा ओढून घेतली, कुशीवर वळला आणि परत घोरायला लागला. सकाळी त्याला काहीही ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीपासून ती डाव्या कुशीवर निजते, त्याच्याकडं तोंड करून. श्वास थांबला की मनातल्या मनात आकडे म्हणते, वीसपर्यंत आले की हात जातो. पहिल्यांदा रात्रीतून चार-पाच वेळा जायचा. आता किती वेळा जातो ते तिनं मोजायचं सोडून दिलं होतं. जागं राहायला तोंडात काहीतरी लागतं. शेंगदाणे कुडकुडतात, म्हणून ती मुरमुऱ्याचा डबा उशाशी घेऊन बसायला लागली. मुरमुरा तोंडात धरला की आपोआप मऊ होतो, आवाज होत नाही. त्यासोबत गुळाचा खडा. कधी दुपारची उरलेली भाकरी, तेल-चटणी लावून, अंधारात. भूक असायची असंही नाही, पण रात्री जागणाऱ्या अंगाला काहीतरी हवंच असतं, आणि दिवसा मग पाय उचलत नाहीत, जिन्याच्या अकरा पायऱ्या चढताना दोनदा थांबावं लागतं. मोतीबागेला कोण जातंय.

भारतचा बाप असाच गेला होता. कचरूबाबा, वय बावन्न, दुपारी जेवून ओसरीवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. माणसं म्हणाली, पुण्यवान, झोपेत गेला. बेबीनंदा तेव्हा नवी होती, तिनंही तसंच म्हटलं होतं. भारत आता सत्तेचाळीसचा होता आणि एकशे बारा किलोचा. तो एका लोखंडाच्या कारखान्यात क्रेन चालवतो. शेडच्या छताखाली रुळांवरून इकडून तिकडं फिरणारी क्रेन, चाळीस फुटांवर लोखंडी पेटीएवढी केबिन, खाली तापलेला माल आणि माणसं. उभ्या शिडीनं चढावं लागतं. पूर्वी तो माकडासारखा चढायचा. आता मधे दोनदा थांबतो आणि जेवायलासुद्धा खाली उतरत नाही, डबा आणि पाण्याची बाटली वरच नेतो, एकदा उतरलं की परत चढायला नको. आठवड्याला पाळी बदलते. पहिली, दुसरी, रात्रपाळी, परत पहिली, असं एकोणीस वर्षं. त्याच्या अंगाला दिवस कुठला अन् रात्र कुठली हे कधी कळलंच नाही, त्याला खायला मिळालं की तो खायचा आणि टेकायला मिळालं की डोळे मिटायचा.

आकांक्षा, त्यांची मुलगी, संभाजीनगरला नर्सिंग शिकते. तिनं दिवाळीत एक रात्र हे घोरणं ऐकलं आणि हट्टानं बापाला तिकडच्या डॉक्टरकडं नेलं. रात्रभर अंगाला वायरी लावून निजवलं. तासाला चाळीसच्या वर वेळा श्वास थांबतो, असं लिहून आलं. डॉक्टरनं समजावून सांगितलं, की वजन वाढलं की गळा दाबला जातो, गळा दाबला की झोप तुटते, झोप तुटली की वजन वाढतं. भारतनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, हे कारखान्यात कळवावं लागतं का. रिपोर्ट त्यानं घरी आल्यावर गादीखाली सारला. झोपेत हवा आत ढकलणारं, नाकावर लावायचं यंत्र महिनाभर भाड्यानं आणून बघितलं. जागेपणी तो ते शहाण्यासारखा लावून घ्यायचा, आणि झोपेत पहिल्या तासाभरातच ओरबाडून फेकायचा, कुणीतरी तोंड दाबून राह्यलंय असं वाटतं म्हणायचा. महिना संपल्यावर यंत्र परत गेलं. नंतर त्या विषयावर घरात कुणी बोललं नाही. ती जागते हे त्याला ठाऊक होतं की नाही, हेही तिनं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं काय करायचं होतं.

ती घरी पोचली आणि तासाभरानं पहिली पाळी संपवून तो आला. जेवून टीव्हीपुढं बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला, मान मागं पडली, हातातला रिमोट तसाच. तिनं हलवलं तेव्हा त्यानं टीव्हीकडं बघत असल्यासारखं केलं. मग तिनं एकशे साताचं सांगितलं, हसत हसतच सांगितलं. तो हसला नाही. बराच वेळ रिमोटच्या बटणांवरून अंगठा फिरवत राहिला.

"आईकडं जाय दोन दिवस," तो म्हणाला. "इथं तू झोपणार न्हाईस."

"अन् तुम्ही?"

"मला काय झालंय. मी झोपतो बराबर."

त्याला सगळं ठाऊक होतं, हे तिला त्या क्षणी कळलं. दोन वर्षं त्याला ठाऊक होतं. तिला राग यायला हवा होता, पण राग यायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं. चारच्या बसनं ती टेंभुर्णीला निघाली. खिडकीशी बसल्यावर आपण त्याला एकटं सोडून निघालो आहोत हे आठवलं आणि उतरावं असं वाटलं, पण बस सुरू झाली होती, आणि बस सुरू झाली याचं तिला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली.

माहेरी सोनूबाई, तिची आई, आणि पप्पू, तिचा धाकटा भाऊ. कुणी काही विचारायच्या आत ती आतल्या खोलीत चटईवर आडवी झाली. जेवायचं उठून बघू म्हणाली. मग जे झालं त्याला झोप म्हणायचं की आणखी काही, हे तिला नंतरही ठरवता आलं नाही. आधी पाय गेले. पाय आपले आहेत हे कळेनासं झालं, मग कंबर, मग डावा खांदा, जो दोन वर्षं ठणकत होता तो ठणक थांबून कुठंतरी लांब राहिला. लहानपणी बैलगाडीत कडब्यावर झोपल्यावर गाडी चाललीय की थांबलीय हे कळायचं नाही, तसं. एकदा कुणीतरी अंगावर पांघरूण टाकलं. एकदा कोंबडं आरवलं आणि ते आरवणं वर पाण्यावर राहिलं, ती खाली होती. स्वप्न असं काही पडलं नाही. काळी, मऊ, कुणाचीच नसलेली जागा होती आणि तिथं तिला कुणी काही मोजायला सांगत नव्हतं.

जाग आली ती फोननं, सकाळचे दहा वाजले होते. घरमालकीण लाडबाई बोलत होती. माडीखाली राहणारी सत्तरीची बाई, गुडघ्यांमुळं जिना चढत नाही, पण अंगणात बसून तिचं सगळीकडं लक्ष असतं. तिनं आडपडदा न ठेवता विचारलं, दोघांचं काही भांडण झालंय का. "तुमचे मिस्टर रातभर गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. मी तीनदा उठले, तीनदा तिथंच, बिलकुल ताठ. पाच वाजता तोंड धुतलं अन् ड्यूटीवर गेले."

बेबीनंदानं फोन खाली ठेवला. खोलीत ऊन आलं होतं, अंग हलकं झालं होतं, डोळ्यांपुढचं सगळं धुतल्यासारखं स्पष्ट दिसत होतं, भिंतीवरचा खिळासुद्धा. आणि त्या स्पष्टपणातच तिला दिसलं, की तो झोपायला घाबरला. ती नव्हती म्हणून त्यानं पाठ टेकली नाही. सोनूबाई चहा घेऊन आली आणि शेजारी बसली. म्हातारीचा चेहरा ओढलेला होता.

"तू रातच्याला तीनदा उठून बसलीस," ती म्हणाली. "डोळे मिटलेले अन् शेजारी निजलेल्या माझ्या नाकापाशी हात. घटकाभर धरून ठेवायचीस, मंग परत पडायचीस. काय करून राह्यलीस गं तू तिथं?"

बेबीनंदानं चहा तसाच खाली ठेवला. तिनं पप्पूला बसथांब्यावर सोडायला सांगितलं.

बसमध्ये दोन तास तिच्या डोळ्यांपुढं ती शिडी होती. रात्रभर ताठ बसलेला माणूस पहाटे शिडी चढून चाळीस फुटांवर जाऊन बसलाय. तिथं ऊब असते, एका सुराचा आवाज असतो, समोर कुणी नसतं. त्याच्या हाताखाली कितीतरी टन लोखंड लटकतंय आणि त्याखालून माणसं डबे घेऊन चालली आहेत, त्यांच्याही घरी बाया आहेत. क्रेनवाल्यांना फोन वर नेऊ देत नाहीत. आपण पंधरा-सोळा तास झोपलो त्यापायी आता कुणाचं काय होतंय, हा विचार तिला करायचा नव्हता आणि दुसरा कुठला विचार येत नव्हता. बाहेर बदलत जाणारी शेतं, पत्र्याची हॉटेलं, पंपावर उभे ट्रक, सगळं तिला अगदी नीट दिसत होतं. एवढं नीट दिसण्याची तिला सवय नव्हती आणि ते सहन होत नव्हतं.

कारखान्याच्या फाटकाशी ती पोचली तेव्हा पावणेदोन झाले होते. पहारेकऱ्यानं स्टूल दिलं, ती बसली नाही. आतून धडधड ऐकू येत होती. एकदा तिला वाटलं, आत्ता सांगून टाकावं, माझ्या नवऱ्याला खाली उतरवा. हे बोललं की एकोणीस वर्षं गेली, क्रेन गेली, त्याचं सगळं गेलं. न बोललं तर. भोंगा झाला आणि माणसं बाहेर पडू लागली. ती एकेकाच्या चेहऱ्याकडं बघत होती, काही झालं असेल तर ते तोंडावर दिसेल म्हणून. कुणी तंबाखू मळत होतं, कुणी मोबाइल बघत होतं. भारत सगळ्यांत शेवटी आला, त्याला उतरायलाच वेळ लागतो. तिला बघून तो थबकला नाही, जसा चालत होता तसाच आला आणि समोरच्या चहाच्या टपरीमागं बाकावर जाऊन बसला. ती शेजारी बसली. बाक एका बाजूनं वाकला.

"अकराच्या सुमाराला माल उचलला," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "मंग डोळे उघडले तर माल तसाच मधे लटकलेला अन् खालची चार जणं मान वर करून उभी. त्यांना वाटलं मी इशाऱ्याची वाट बघून राह्यलो. किती वेळ झाला होता, मला न्हाई माहीत." मग म्हणाला, "हात दांड्यावरच होता, बेबी. जरा हलला असता तर."

चहावाल्यानं दोन ग्लास आणून ठेवले, त्यांवर साय धरली.

"तूच जाऊन सांग आत," तो म्हणाला. "माझ्यानं न्हाई होणार."

तिनं सांगितलं. साहेबांच्या खोलीत पंखा मोठ्यानं फिरत होता म्हणून तिला वाक्यं दोनदा म्हणावी लागली, तासाला चाळीस वेळा, हेसुद्धा दोनदा. भारत भिंतीशी उभा होता आणि हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत होता. साहेब माणूस वाईट नव्हता. आधी सांगायचं नाही का, एवढंच तो म्हणाला, आणि मग एकोणीस वर्षं कामाला असलेल्या माणसाला काढत नाही, असंही म्हणाला. त्याच दिवशी क्रेन गेली. खाली भंगाराच्या आवारात पहाऱ्याची एक जागा रिकामी होती, ती दिली. ती कायम रात्रीचीच होती, दिवसाची जागा नव्हती. सगळे म्हणाले, बरंच झालं म्हणायचं. आकांक्षाही फोनवर म्हणाली, निदान जोखीम तरी गेली. लाडबाईनं पेढ्याचा पुडा वर पाठवला, आणि तो त्या दोघांनी एका बैठकीत संपवला.

आता रात्री बेबीनंदा एकटी असते. अंथरूण मोठं झालंय. ती उजव्या कुशीवर झोपायचा प्रयत्न करते, पाठीवर करते, आणि मध्यरात्रीनंतर कधीतरी डाव्या कुशीवर वळून रिकाम्या उशीकडं तोंड करून जागी असते. शेजारी श्वासच नसतो म्हणून काळजीही नसते, हे डोक्याला कळतं. भारत सकाळी आठला येतो, ती साडेआठला निघते. तो भाकरी खातो, आडवा होतो, आणि ती दार ओढून घेते. पूर्वी रात्रपाळीच्या आठवड्यात तो दिवसा बसल्या बसल्याच डुलक्या घ्यायचा, आता रोज दिवसभर एकटा निजतो. हे आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, साहेबांच्या नाही, आकांक्षाच्या नाही, तिच्याही नाही. पहिल्या दिवशी जिना उतरताना, खालच्या पायरीवर पोचल्यावर, तिच्या लक्षात आलं. ती परत वर गेली, दाराशी उभी राहिली, आणि उशीर होतो म्हणून निघाली.

दुपारी एकला जेवणाची सुट्टी होते तेव्हा ती कंपनीच्या मागं, सायकलींच्या शेडपाशी जाऊन त्याला फोन लावते. तो उचलतो, झोपेनं जड झालेल्या आवाजात "हाय ना, हाय" म्हणतो, आणि ती फोन ठेवते. तो जिवंत आहे हे कळण्यासाठी त्याला उठवावं लागतं. एकदा उठला की त्याला परत झोप धरत नाही, मग तो स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडतो. तीन महिन्यांत आणखी चार किलो वाढले. शेवटी एका सोमवारी त्यानं तिला सांगितलं, की फोन नको करत जाऊ, एक सलग झोप होऊ दे मला. त्याचं बरोबर होतं. मंगळवारी तिनं फोन केला नाही. डबा मांडीवर घेऊन ती शेडपाशी बसली, झाकण उघडलं नाही. एक वाजून वीस झाले, पंचवीस झाले, आणि हातातला फोन वाजला.

"काहून न्हाई केला फोन?" भारत विचारत होता.

"तुम्हीच म्हणलात ना."

"मी बारापासून जागा हाय," तो म्हणाला. "तुझा येईल म्हणून."

ती म्हणाली, झोपा आता. तो म्हणाला, तू ठेव आधी. तिनं ठेवला नाही, त्यानंही ठेवला नाही. पलीकडून खाटेची कुरकुर ऐकू आली, मग उसासा, आणि थोड्याच वेळात तो आवाज चढायला लागला. सुट्टी संपल्याची घंटा झाली. बाया हात धुऊन आत जायला लागल्या, दारातून श्रेयांस सरांनी तिच्याकडं बघितलं आणि मनगटावरच्या घड्याळाला बोट लावलं. तिनं मान हलवली. फोनमधला आवाज चढत गेला, चढत गेला आणि मधेच बंद झाला. तिचा उजवा हात उचलला गेला, समोर, हवेत, खांद्याएवढ्या उंचीवर, आणि तिथंच राहिला.